निंबापासून दगडापर्यंत

गाडी स्टँडात शिरली, वळली, थांबली; आणि वाजली नाही.

कौतिक मिस्त्री चहावाल्याच्या बाकावर बशी फुंकत बसला होता. त्याने बशी खाली ठेवली. गेला महिनाभर ही गाडी ब्रेक लावला की किंचाळायची. पाटलांच्या दोन गाड्यांपैकी ही थोरली, तीस माणसांची, खांडव्याच्या फेरीची. ती यायची चाहूल स्टँडवर सगळ्यांना आधी लागायची. चहावाला म्हणायचा, "आली बाप्पा पाटलाची गाडी, रडत रडत." लोक हसायचे. आज कोणी हसलं नाही, कारण कोणाच्या लक्षातच आलं नाही.

"दगा," कौतिकने ड्रायव्हरला हाक मारली. "आज आवाज कुठी गेला?"

दगा खाली उतरला. गाडीच्या नाकावर झेंडूची माळ होती, तिचं एक टोक सुटलं होतं. ते बांधत तो म्हणाला, "देवीची कृपा समजा, कौतिकभाऊ. काल पूजा झाली, आज गाडी सुधरली."

"ब्रेक लागते का?"

"एकदम मक्खन."

कौतिकला तो शब्द आवडला नाही. वीस वर्षं त्याने ब्रेकचं काम केलं होतं, त्यातली अकरा पाटलांकडे. लोखंडाचा ड्रम चाकाबरोबर फिरतो. पायडल दाबलं की आतले दोन जोडे, म्हणजे कमानीसारखे लोखंडी तुकडे, पसरतात आणि त्यांच्या पाठीवरचं लायनिंग ड्रमला घासून त्याला धरतं. धूळ बसली, लायनिंग गुळगुळीत झालं, की घासताना आवाज येतो. ऐकायला वाईट लागतं, पण गाडी थांबते. असा आवाज आपोआप जात नाही. तो जायला कारण लागतं, आणि ते कारण कौतिकला ठाऊक नव्हतं.

तो मागच्या चाकाशी उकिडवा बसला. चाक पुसून लख्ख केलं होतं. मधोमध कुंकवाचा टिळा आणि चिकटलेल्या दोन पाकळ्या. आत पाहायचं तर चाक काढायला हवं, ड्रम उतरवायला हवा. नट सोडायला त्याला पाने लागणार होते. आणि पाने पूजेत होते.

ते साल छप्पन. दसरा ऑक्टोबरच्या चौदा तारखेला, रविवारी आला होता. आदल्या दिवशी, खंडेनवमीला, मालक सुरेश पाटील याचे वडील सुकलाल आबा यांनी दरवर्षीसारखी स्टँडच्या टोकाला असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये हत्यारं मांडली होती. लाल कापडावर पाने, हातोडे, जॅक, लायनिंग जोड्यावर पक्कं करणाऱ्या रिबिटा ठोकायचा खिळा, फट मोजायच्या पातळ पात्या. हळदकुंकू, फुलं, नारळ. दसऱ्याला संध्याकाळी आबा पुन्हा येऊन पूजा उचलायचे. तोवर कोणी हत्याराला हात लावायचा नाही. अकरा वर्षांत कौतिकने लावला नव्हता. त्याच्या बापानेही, जो सुतार होता, कधी लावला नव्हता.

अकराला फेरी होती. साडेदहालाच गाडी भरली. कोणी सासुरवाडीला चाललेलं, कोणी मुलीला आणायला. मांडीवर केळीचे घड, फडक्यात आपट्याची पानं. पुढच्या बाकावर दोन शिक्षक राज्यांच्या फेररचनेबद्दल बोलत होते. महिन्याअखेर नागपूर तिकडे जाणार, आपण इकडे राहणार, आता सगळे कागद भोपाळला. एक म्हणाला, "आपण कुठं चाललो? आपण तर बऱ्हाणपुरातच बसलोय." त्यावर मागची बाई म्हणाली, "मास्तर, बसलेच राहाल. गाडी तर सुटू द्या."

कौतिक गाडीभोवती दोन चकरा मारून आला होता. तिसऱ्या चकरेला तो गाडीच्या नाकाशी थांबला, खाली वाकला आणि हँडल उचललं. बॅटरी जुनी होती. हँडल मारल्याशिवाय गाडी सुरू होत नसे. हँडल काखेत धरून तो बाकावर जाऊन बसला.

"कौतिकभाऊ, टाइम झाला," दगा म्हणाला.

"मालकाले बोलाव."

सुरेश पाटील आला तो चिडूनच. पस्तिशीचा माणूस, पांढरा पायजमा, खिशाला पेन. बाप शेतकरी, हा मॅट्रिक. तापीकाठची सहा एकर आणि बैलजोडी विकून बापाने त्याला पहिली गाडी घेऊन दिली होती. दुसरी त्याने स्वतः घेतली.

"मिस्त्री, हे काय लावलंय?"

"ब्रेक वाजत नही."

"मग चांगलंच आहे की! महिनाभर लोकांनी जीव खाल्ला माझा."

"काहून वाजत नही ते मले माहीत नही. एकदा खोलून पाहू."

"कशाने खोलता? पाने पूजेत आहेत."

"उचलतो."

सुरेशने इकडेतिकडे पाहिलं. "आबांना काय सांगू? दसऱ्याच्या दिवशी मिस्त्रीनं पूजा मोडली?" मग आवाज उतरवून, "मिस्त्री, मी तुमच्याबद्दल आधीच किती ऐकून घेतोय. एक तारखेपासून नवं राज्य, नवे फॉर्म. गाडी पास करायला सर्टिफिकेटवाला माणूस लागेल म्हणतात. इंदूरचा एक मुलगा तयार आहे. तुम्ही इथे आहात ते आबांच्या शब्दावर. त्यांचंच मन मोडणार?"

हे कौतिकला ठाऊक होतं. महिनाभर तो रोज सकाळी स्टँडवर येताना हेच गणित करत यायचा. वय अठ्ठेचाळीस, शिक्षण तिसरी, सर्टिफिकेट नाही. आहे तो आबांचा शब्द. पायात जोडा घट्ट असावा तसं त्याला हल्ली कुठेच नीट बसवत नव्हतं.

तो उठून उभा राहिला. "खोलत नही. फक्त एक चक्कर मारतो, रिकामी. निंबापासून. दगडाच्या अलीकडे थांबली, तर हे हँडल घ्या आणि मी उद्यापासून येत नही. इंदूरवाल्याले बोलवा."

सुरेशने प्रवाशांकडे वळून दोन्ही हात जोडले. "दहा मिनिटं. सामान राहू द्या."

"ह्या दहा मिनिटात आमचा खांडवा येऊन गेला असता," मागची बाई उतरता उतरता म्हणाली.

राजघाटाकडे उतरणाऱ्या रस्त्यावर एक जुना निंब आहे. त्याच्या खाली बावीस पावलांवर, उताराच्या कडेला, कौतिकने अकरा वर्षांपूर्वी एक दगड रोवून त्याला चुना फासला होता. ब्रेकचं काम झालेली प्रत्येक गाडी तो इथे आणायचा. वीस मैलांचा वेग, निंबाशी पायडल, दगडाच्या आत थांबली पाहिजे. नाही थांबली तर गाडी परत शेडमध्ये. कागदावर कुठेच हे लिहिलेलं नव्हतं.

दगा स्टिअरिंगवर, कौतिक शेजारी. वर, वळणाशी, सुरेश आणि अर्धे प्रवासी उभे.

"वीस झाले," दगा म्हणाला.

"निंब येऊ दे. दाब."

दगाने पाय दाबला. पायडल खाली गेलं, नेहमीइतकंच. पहिल्या क्षणी गाडीने डोकं खाली घातलं, आणि मग जणू तिने विचार बदलला. ती घसरत चालली. डावं चाक थोडं धरत होतं, उजवं अजिबात नाही, आणि नाक हळूहळू डावीकडे, कडेच्या नाल्याकडे वळू लागलं. आवाज काहीच नव्हता. दगड खिडकीतून आला आणि मागे गेला.

"भो, थांबत नही! थांबत नही!"

कौतिकने दोन्ही हातांनी हँडब्रेक ओढला. या गाडीचा हँडब्रेक चाकांवर नव्हता; इंजिनापासून मागे जाणाऱ्या दांड्यावर त्याचा वेगळा लहान ड्रम होता. त्याने धरलं. गाडी गचका खाऊन उभी राहिली, दगडापासून चौदा पावलं पुढे.

"असीरगडचा उतार असता तर," दगा म्हणाला. खांडव्याच्या वाटेवर तो उतार लागायचा.

गाडी पहिल्या गियरमध्ये शेडशी आणली. कौतिक आत गेला, हात धुतले, लाल कापडासमोर उभा राहिला. हात जोडले. मग बावीस नंबरचा पाना उचलला, त्याच्यावरचं कुंकू धोतराला पुसलं आणि जॅक बगलेत मारला. बाहेर कोणीतरी "राम राम राम" म्हणालं. तो थांबला नाही.

चाक उतरलं. ड्रम दोन ठोक्यांत सुटला. आतून तेल ओघळलं, जाड, पिवळट, आणि त्याच्याबरोबर वास आला. दगाने नाक जवळ नेलं.

"एरंडेल! इथे एरंडेल कुठून आलं?"

कौतिकने ड्रमच्या तोंडावरचं बोटभर भोक पाहिलं, ज्यातून पाती घालून तो फट मोजायचा. भोकाच्या आतल्या कडेला तेलाचा ओघळ होता. ओतणाऱ्याने बाहेर फारसं सांडू दिलं नव्हतं. जे सांडलं ते पुसून घेतलं होतं. चारही चाकांत तेच निघालं. इतक्या निगुतीने चाकाला तेल घालणारा माणूस स्टँडवर एकच होता.

नवमीच्या सकाळी, हत्यारं मांडता मांडता, आबा त्याला म्हणाले होते, "कौतिक, हे चाक रडू राह्यलं रे. माझ्या बैलगाडीचं चाक उभ्या जन्मात रडलं नही. चाक रडलं का लोक मालकाले नावं ठेवतात." कौतिक तेव्हा जॅक पुसत होता. तो फक्त म्हणाला होता, "वाजू द्या, आबा. दिवाळीले लायनिंग बदलतो." त्याने कारण सांगितलं नव्हतं. शेतकऱ्याला कशाला सांगायचं, असं मनात आलं होतं. बैलगाडीच्या आसाला वंगण नसलं की चाक ओरडतं. साठ वर्षं आबांनी ते ओरडणं बांबूच्या नळकांड्यातल्या एरंडेलाने मिटवलं होतं. बैल गेले, गाडी गेली, जमीन गेली. नळकांडं त्यांनी ठेवलं होतं. पाटलांच्या वाड्यामागे गाडी रात्रभर उभी असायची, आणि तिच्यातच, ड्रायव्हरच्या सीटमागे, ते खिळ्याला टांगलेलं असायचं. सगळ्यांना वाटायचं, म्हाताऱ्याची आठवण आहे, राहू द्या.

ब्रेकच्या नळीच्या आत जे तेल असतं तेही एरंडेलच, स्पिरिटात मिसळलेलं. आत असलं की पायाचा जोर चाकापर्यंत नेतं. बाहेर लायनिंगवर आलं की तोच जोर वाया घालवतं. कौतिकने हे कितीतरी क्लीनरांना शिकवलं होतं.

"आबांनी..." दगाने तोंड उघडलं.

"दगा. तू काही पाह्यलं नही."

"पण मालक तुमच्यावर..."

"तू काही पाह्यलं नही. स्पिरिटची बाटली आण. पेट्रोलने हे निघत नही."

सुरेश शेडच्या दाराशी आला तोवर कौतिकने ड्रम पुसून पालथे घातले होते.

"काय निघालं?"

कौतिक जोड्यावरच्या जुन्या रिबिटा तोडत होता. मान वर न करता म्हणाला, "लायनिंग गेलं. दिवाळीपर्यंत जाईल म्हटलं होतं. माझा अंदाज चुकला."

अकरा वर्षांत त्याने हे वाक्य उच्चारलं नव्हतं. दगाने बाटलीचं बूच घट्ट लावलं, पुन्हा काढलं, पुन्हा लावलं.

"अंदाज चुकला," सुरेशने ते शब्द हळू परत म्हटले. "तीस माणसं होती गाडीत, मिस्त्री."

"हाव."

"आणि दसऱ्याची फेरी गेली. आणि पूजा मोडली ती वेगळी." तो वळला, पुन्हा थांबला. "आणि हे तुम्हीच पकडलं म्हणून काही बोलता पण येत नाही."

नवं लायनिंग शेडमध्ये होतंच, दिवाळीसाठी आणलेलं. आठ जोडे. प्रत्येकावर पट्टी ठेवायची, मधल्या भोकापासून सुरुवात करून दोन्ही कडांकडे जायचं; कडेपासून सुरुवात केली तर पट्टी मध्ये फुगते. तांब्याची रिबीट, वरून खिळा, एक हलका ठोका, एक जड. रिबिटीचं डोकं पट्टीच्या आत बुडालं पाहिजे, नाही तर ते ड्रमला ओरखडतं. कौतिक दुपारभर ठोकत होता. मधेच तो उठायचा, दाराशी जायचा, रस्ता पाहायचा आणि परत येऊन बसायचा. प्रवासी दुसऱ्या गाड्यांनी गेले. त्याची बायको मालूबाई डबा घेऊन आली आणि दारातच उभी राहिली.

"गावभर झालं," ती म्हणाली. "देवीचे पाने उचलले म्हणे."

"उचलले."

"असं काय अडलं होतं?"

"चाक धरत नव्हतं."

ती थोडा वेळ त्याच्या हातांकडे पाहत राहिली. "आबा रागावतील. एक ते होते तुमच्या मागे."

"डबा तिथं ठेव."

"जेवाल का निस्तं ठेव म्हणता?"

"जेवतो. ठेव."

ती गेली. डबा संध्याकाळपर्यंत तसाच होता.

ऊन उतरल्यावर सुकलाल आबा आले. अंगात धुतलेली बंडी, डोक्याला लाल पागोटं, हातात आपट्याची डहाळी. शेडच्या दारात त्यांनी पायताण काढलं. लाल कापड होतं, नारळ होता, पाने नव्हते. जिथे पाने होते तिथे कुंकवात त्यांचे आकार उरले होते. आबा ते आकार बघत उभे राहिले. कौतिक उठला, हात चिंधीला पुसून पुढे झाला आणि त्यांच्या पाया पडला.

आबांनी त्याच्या हातात आपट्याची पानं दिली. हात कौतिकच्या नाकाजवळ होता. साबणाने धुतलेला होता, तरी बोटांच्या पेरांना तो जुना वास होता.

"चाकात काय निघालं रे?"

"लायनिंग झिजलं होतं, आबा."

"आजून काही?"

"आजून काय राहातं चाकात? धूळ."

आबांची नजर कोपऱ्यात गेली. तिथे पुसून काढलेल्या चिंध्यांचा ढीग होता, पिवळट, जड. शेडमध्ये दिवसभर तो वास कोंडला होता. साठ वर्षं एरंडेल वापरलेल्या माणसाला तो दारातूनच आला असणार.

"सुरेश म्हणे तुझा अंदाज चुकला."

"हाव."

"तुझा चुकत नही."

कौतिकने हातातली पानं खिशात ठेवली. "आबा, पूजा मी उचलली, ते चुकलं. तुम्ही उचलायची होती."

आबांनी वाकून नारळ उचलला. तो फोडायला त्यांनी हातोडा मागितला. कौतिकने दिला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

त्यानंतर दोन आठवडे कौतिक कामावर येत राहिला. गाडी दोनदा दगडापाशी नेली. दोन्ही वेळा हातभर अलीकडे थांबली. सीटमागच्या खिळ्यावरचं नळकांडं दिसेनासं झालं होतं. दगाने एकदा विषय काढला, तेव्हा कौतिकने त्याला पाठीमागच्या टायरची हवा पाहायला पाठवलं.

एकतीस तारखेला सुरेशने त्याला बोलावून घेतलं. टेबलावर नवे फॉर्म होते, हिंदीत.

"आबांनी मला सांगितलं," सुरेश म्हणाला. "दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी. समोर बसवून सांगितलं, तेल मी घातलं. तुम्ही का नाही बोललात?"

"तुम्ही लायनिंगचं विचारलं. लायनिंग जुनं होतंच."

सुरेशने पेनचं टोपण काढलं, लावलं. "तुमची चूक नव्हती. मला मान्य आहे. कोणासमोरही म्हणेन. पण मिस्त्री, इथे सहीच्या जागी सर्टिफिकेटचा नंबर मागतात असं ऐकतोय. इंदूरचा मुलगा उद्यापासून येतोय. त्यावरून आबा माझ्याशी बोलत नाहीत. मी काय करू, तुम्हीच सांगा."

कौतिकने फॉर्मकडे पाहिलं. त्यात एक रिकामी रेघ होती. "त्या पोराले सांगा," तो म्हणाला, "रिबीट मधून सुरू करायची. आणि गाडी रस्त्यावर काढायच्या आधी निंबापाशी न्यायची."

"ते कुठे लिहिलंय का?"

"नही."

एक तारखेला सकाळी काम नव्हतं तरी तो नेहमीच्या वेळी घराबाहेर पडला. मालूबाईने विचारलं, कुठे. तो म्हणाला, असाच. स्टँडकडे न वळता तो राजघाटाच्या रस्त्याला लागला. शाळेवर मुलं झेंडा बांधत होती. नवं राज्य झालं म्हणून कोणीतरी पेढे वाटत होतं, त्यालाही एक मिळाला.

निंबाखाली आबा बसले होते. शेजारी बांबूचं नळकांडं होतं, तोंडातून चुन्याची कुंचली बाहेर आलेली. खाली उतारावर दगड पांढराशुभ्र, ओला होता. आबांच्या बोटांवर, बंडीवर, पागोट्याच्या काठावर चुना होता.

"फिका झाला होता," आबा म्हणाले. "नव्या माणसाले दिसला पाह्यजे."

कौतिक त्यांच्याजवळ टेकला. पेढा मोडून अर्धा त्यांच्या हातावर ठेवला. आबांनी तो चुना लागलेल्या हाताने खाल्ला नाही. दुसऱ्या हाताने घेतला.

थोड्या वेळाने वरच्या वळणावर गाडी आली. दगा स्टिअरिंगवर होता, शेजारी एक कुरळ्या केसांचा मुलगा, मांडीवर वही. वेग वीसचा असावा. निंबाशी येताच दगाने पाय दाबला आणि धूळ बसलेल्या नव्या लायनिंगने उतारभर किंकाळी फोडली. निंबावरचे पोपट उडाले. आबांचं अंग दचकलं. हात नकळत नळकांड्याकडे गेला आणि तिथेच थांबला.

गाडी उभी राहिली. दगडाच्या अलीकडे, हातभर.

"वाजली," आबा म्हणाले.

"वाजू द्या."

आबांनी नळकांडं मांडीवर घेतलं आणि कुंचली आत ढकलली. मुलगा खाली उतरून पावलं मोजत होता, निंबापासून दगडाकडे, ओठ हलवत. सतराव्या पावलाला तो अडखळला, मागे गेला आणि पुन्हा पहिल्यापासून मोजू लागला. कौतिक त्याच्याबरोबर मनात मोजत राहिला.